दगड झालेलं लाकूड कसं वाचायचं: खोडाच्या कापापासून प्राचीन हवामानापर्यंत

अश्मीभूत लाकडाचा काप भिंगाखाली धरला की नजर आधी वलयांवर जाते. वलयं ठसठशीत दिसली की मन लगेच निकाल देऊन टाकतं: इथे ऋतू होते, कडक थंडी होती. नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. वलय फक्त एवढंच सांगतं की झाडाची वाढ काही काळ थांबली होती. ती थंडीने थांबली, पाण्याविना थांबली, महिनोन्महिने सूर्यच उगवला नाही म्हणून थांबली, मुळं पुराच्या पाण्यात बुडाली म्हणून थांबली की किड्यांनी पाला फस्त केला म्हणून, हे एकट्या वलयावरून कळत नाही.

म्हणून हवामानाचा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. त्याआधी तीन प्रश्न सुटायला हवेत. हे लाकूड जिथे सापडलं तिथेच वाढलं होतं का? ते खोडाचं आहे, फांदीचं की मुळाचं? आणि झाड कोणत्या कुळातलं? पुढचा सगळा क्रम याच हिशेबाने लावला आहे. काम चिकाटीचं आहे, पण प्रत्येक टप्प्यावर हाती काहीतरी ठोस लागतं.

जागेवरची नोंद

तुकडा उचलायच्या आधी वही काढा. जागेचे अक्षांश-रेखांश, लाकूड कोणत्या थरात आहे, त्याच्या वरचा आणि खालचा खडक कोणता, खोड उभं आहे की आडवं, आडवं असेल तर त्याची लांबी कोणत्या दिशेला धरून आहे, व्यास किती, साल शिल्लक आहे का, मुळं किंवा फांद्यांचे बुंधे दिसतात का, हे सगळं लिहून घ्या. मोजपट्टी शेजारी ठेवून चारही बाजूंनी फोटो काढा. जागेची नोंद नसलेला तुकडा शोभेला ठेवता येतो, त्यातून हवामान काढता येत नाही.

उभं खोड आणि त्याच्या बुडाशी जुन्या मातीत पसरलेली मुळं हा सर्वांत मोलाचा पुरावा. असं खोड तिथेच वाढलं, यात शंका उरत नाही. उलट साल गेलेली, फांद्या मोडलेल्या, टोकं घासून गोल झालेली आणि बरीच खोडं एकाच दिशेला डोकं करून वाळूच्या खडकात पडलेली दिसली, तर ती नदीने वाहून आणली आहेत असं धरून चाला. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या प्रसिद्ध ट्रायासिक काळातल्या (सुमारे २५ ते २० कोटी वर्षांपूर्वीच्या) जंगलातली बहुतेक खोडं अशीच वाहत येऊन गाडली गेली आहेत. वाहून आलेलं लाकूड निरुपयोगी नसतं, पण ते नदीच्या वरच्या अंगाच्या डोंगराचं हवामान सांगत असू शकतं. लाकडात समुद्री शिंपल्यांनी पोखरलेले बोगदे सापडले, तर ते समुद्रात तरंगत आलं आहे. मग ते कोणत्या किनाऱ्यावरचं, हा प्रश्न आणखी अवघड होतो.

वयाची माहिती लाकूड देत नाही. किरणोत्सारी कार्बनची पद्धत साधारण ५०,००० वर्षांपर्यंतच पोचते, आणि दगड झालेलं लाकूड बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी पटींनी जुनं असतं. वय काढायचं ते थरातून: ज्वालामुखीच्या राखेतले झिर्कॉन या खनिजाचे कण युरेनियम-शिसे पद्धतीने मोजून, किंवा त्याच थरातल्या इतर जीवाश्मांवरून. म्हणून लाकडाबरोबर खडकाचा नमुनाही घ्या.

आणि परवानगी. मध्य प्रदेशातलं घुघुआ, तमिळनाडूतलं तिरुवक्कराई, जैसलमेरजवळचं आकल ही संरक्षित जीवाश्म उद्यानं आहेत. तिथून खडाही उचलायचा नाही. इतर ठिकाणीही तिथला कायदा आणि जमिनीच्या मालकाची संमती आधी पाहायची.

कोणता तुकडा कामाचा

देखणा तुकडा आणि कामाचा तुकडा क्वचितच एक असतात. लाल, पिवळे, जांभळे पट्टे लोहाच्या आणि इतर धातूंच्या संयुगांमुळे येतात, त्यांचा झाडाशी काही संबंध नाही. जिथे स्फटिक मोठे झाले तिथे पेशी बहुधा पुसल्या गेलेल्या असतात. मळकट तपकिरी, राखाडी, कोणी वळून पाहणार नाही अशा तुकड्यात पेशी न् पेशी शाबूत सापडते. जागेवरच खात्री करायची तर तुकड्याचं टोक पाण्याने ओलं करा आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहा. केसासारख्या बारीक समांतर रेषा, म्हणजे गाभ्यापासून सालीकडे जाणारे पेशींचे किरण, दिसल्या तर तुकडा घ्या.

लाकडाचा दगड कसा होतो हे थोडं समजून घेतलं की पुढचे निर्णय सोपे होतात. ज्वालामुखीच्या राखेतून झिरपणारं पाणी विरघळलेली सिलिका घेऊन येतं. ती पेशींच्या भिंतींना चिकटते, पोकळ्या भरते. आधी ओपल बनतं, काळाच्या ओघात त्याचं कॅल्सेडनी आणि क्वार्ट्झ होतं. कुजणं आणि सिलिका बसणं यांची शर्यत असते, आणि सिलिका जितकी आधी पोचली तितका तपशील चांगला राहतो.

सिलिकेऐवजी कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचं खनिज, असेल तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने फेस येतो. सोनेरी चमक दिसली तर पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, आहे. असा नमुना दमट हवेत हळूहळू फुटून त्याची भुकटी होते, म्हणून तो कोरड्या डब्यात ठेवा. आगीत जळून कोळसा झालेलं लाकूड घासत बसू नका. ते हळूच मोडून ताजा भाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. त्या कोळशाचं आणखी एक मोल आहे: त्या जंगलात वणवा लागत होता याचा तो थेट पुरावा. आणखी एक प्रकार दुर्मीळ. कॅनडाच्या उत्तर टोकाला ॲक्सेल हायबर्ग बेटावर सुमारे ४.५ कोटी वर्षांपूर्वीचे बुंधे सापडले, ते दगड न होता लाकूडच राहिले आहेत. करवतीने कापता येतं असं ते लाकूड आहे.

तीन दिशांचे तीन काप

लाकूड ओळखायला एक काप पुरत नाही. आडवा छेद खोडाच्या लांबीला काटकोनात असतो. त्यात वलयं आणि पाणी नेणाऱ्या वाहिन्यांची मांडणी दिसते. अरीय उभा छेद गाभ्यापासून सालीकडे, किरणांच्या बाजूने जातो. त्यात वाहिन्यांची टोकं आणि किरणांच्या पेशींचे आकार दिसतात. स्पर्शीय उभा छेद वलयाला स्पर्श करत जातो. त्यात किरण आडवे कापले जातात, म्हणून त्यांची रुंदी आणि उंची मोजता येते. दिशा थोडी जरी तिरकी झाली तरी किरण रुंद भासतात आणि ओळख चुकते. म्हणून करवत लावण्याआधी आडव्या पृष्ठभागावर भिंगातून किरण शोधा, त्यांना समांतर पेन्सिलीची रेघ मारा, तिला काटकोनात दुसरी. करवत या रेघांवर चालवायची.

कापण्यासाठी हिऱ्याच्या कडेची करवत लागते आणि पाण्याची धार सतत चालू हवी. सिलिकेची कोरडी धूळ फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. त्यामुळे कापणं आणि घासणं दोन्ही ओलंच, नाकावर मास्क लावूनच. तुकडा ठिसूळ असेल तर आधी पातळ इपॉक्सीत भिजवून घट्ट होऊ द्या.

मग काचेच्या सपाट पाटीवर कार्बोरंडमची पूड आणि पाणी घेऊन घासायचं: आधी २२० नंबर, मग ४००, ६००, १०००. नंबर बदलताना तुकडा, पाटी आणि हात नीट धुवा. जाड पुडीचा एक कण पुढच्या पाटीवर आला तरी तिथली सगळी मेहनत ओरखड्यांत जाते. पृष्ठभाग एकसारखा झाला की इपॉक्सीने काचपट्टीवर चिकटवा, हवेचे बुडबुडे दाबून काढा आणि पूर्ण वाळू द्या. मागचा भाग करवतीने कापून साधारण एक मिलिमीटर जाडी ठेवा आणि पुन्हा त्याच क्रमाने घासत ३० ते ५० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणा.

जाडी कळण्याची खूण ध्रुवित प्रकाशात मिळते. क्वार्ट्झ जाड असताना गुलाबी, निळे, पिवळे रंग झगमगतात. पातळ होत गेला की रंग मावळतात आणि ३० मायक्रॉनच्या आसपास राखाडी-पांढरा होतो. खडक अभ्यासणारे तिथे थांबतात. लाकडाच्या बाबतीत मात्र त्याच्या जरा आधीच थांबा, कारण पेशींच्या भिंती दिसतात त्या त्यांच्यात उरलेल्या तपकिरी सेंद्रिय अंशामुळे. काप फार पातळ झाला की तो रंग फिका पडतो आणि भिंती क्वार्ट्झमध्ये हरवून जातात. शेवटी शेवटी दर चार-पाच घासण्यांनंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. प्रत्येक दिशेचे दोन काप करून ठेवायचे, हा नियम कधी मोडू नका.

कॅल्साइट असेल तर सोपी वाट आहे. गुळगुळीत पृष्ठभाग ५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात काही सेकंद बुडवा, बोट न लावता अलगद धुऊन वाळवा, ॲसिटोन ओता आणि सेल्युलोज ॲसिटेटची फिल्म पसरा. वाळल्यावर फिल्म सोलून काढली की पेशींच्या भिंती तिच्यासोबत येतात. सिलिकेसाठी हीच पद्धत हायड्रोफ्लोरिक आम्लाने करतात, पण ते आम्ल कातडीतून आत शिरून जिवावर बेतू शकतं. योग्य धुराडं, प्रशिक्षित माणसं आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल तयार असलेल्या प्रयोगशाळेबाहेर त्याला हात लावू नका.

खोड, फांदी की मूळ

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि मीही गाळला होता. सुरुवातीच्या काळात एका तुकड्यात मला आळीपाळीने अरुंद-रुंद वलयं मिळाली. मी ती मोजून काढली, आलेख काढला आणि लहरी पावसाचं चित्र रंगवलं. मग जाणत्या नजरेच्या एका सहकाऱ्याने तोच काप कमी मोठा करून दाखवला. वलयं एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला फाकलेली होती, गाभा मध्यापासून सरकलेला होता. ती वाकलेली फांदी होती. मी मोजत होते तो फांदीचा तोल होता, पाऊस नव्हे.

म्हणून आधी वलयांची वक्रता पाहा. रेषा जवळजवळ समांतर असतील तर तुकडा जाड खोडाच्या बाहेरच्या भागातला आहे, आणि हवामानासाठी तोच हवा. वक्रता घट्ट असेल तर गाभा जवळ आहे: फांदी किंवा कोवळं खोड. गाभ्याजवळची पहिली काही वलयं झाडाच्या वयाचा परिणाम दाखवतात, ती हिशेबातून वगळा. मुळाच्या लाकडात पेशी सहसा मोठ्या आणि वलयं अस्पष्ट असतात.

तुटक्या तुकड्यावरून खोडाचा आकारही काढता येतो. एका वलयाच्या कमानीवर दोन बिंदू घ्या, त्यांना जोडणारी सरळ रेषा मोजा, आणि तिच्या मध्यापासून कमान किती उंच आहे ते मोजा. रेषेचा वर्ग भागिले उंचीची आठपट, अधिक उंचीचा अर्धा, ही त्रिज्या. रेषा ६० मिलिमीटर आणि उंची २ मिलिमीटर असेल तर ३६०० भागिले १६ म्हणजे २२५, अधिक १, म्हणजे २२६ मिलिमीटर. ते वलय तयार झालं तेव्हा खोड सुमारे ४५ सेंटिमीटर व्यासाचं होतं. तळहाताएवढ्या दगडातून एवढं मोठं झाड समोर येतं, तेव्हा मला आजही आनंद होतो.

झाडाची ओळख

आडव्या छेदात लहान पेशींमध्ये मोठी गोल भोकं दिसली तर त्या वाहिन्या, म्हणजे झाड सपुष्प. सगळीकडे एकसारखी चौकटींची जाळी दिसली तर बहुधा शंकुधारी, पाइन-देवदार यांच्या गटातलं. वाहिन्या नसलेली थोडी सपुष्प झाडंही आहेत, म्हणून उभे छेद पाहिल्याशिवाय पक्कं म्हणू नका. वाहक पेशींचे जाडसर गठ्ठे विखुरलेले दिसले तर ताडवर्गीय. ताडाला कॅम्बियम, म्हणजे खोड जाड करत नेणारा पेशींचा थर, नसतं, त्यामुळे वार्षिक वलयं नसतात. म्हणजे ऋतू मोजायला ताड कुचकामी, पण तापमानासाठी अतिशय बोलका: बहुतेक ताडवर्गीय झाडांना दीर्घ गोठण सोसत नाही.

पुढची ओळख नजरेच्या अंदाजावर सोडू नका. आंतरराष्ट्रीय काष्ठशरीरशास्त्रज्ञ संघटनेने १९८९ साली सपुष्प झाडांच्या लाकडासाठी १६३ लक्षणांची क्रमांकित यादी प्रसिद्ध केली, आणि २००४ साली शंकुधारींसाठी वेगळी. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाचा ‘इनसाइडवुड’ हा खुला माहितीसंच हेच क्रमांक वापरतो, आणि त्यात आजची व जीवाश्म, दोन्ही लाकडं आहेत. क्रमांक भरा, शोधा, समोर आलेल्या छायाचित्रांशी आपला काप ताडून पाहा.

भरताना एक शिस्त पाळा: दिसलं नाही आणि नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाहिन्यांच्या भिंतीवरची सर्पिल जाडी जतन झाली नसेल तर तो रकाना रिकामा सोडा, ‘नाही’ लिहू नका. मोजमापं किमान २५ वाहिन्यांची घ्या. शोधताना एखादं लक्षण जुळलं नाही तरी चालेल अशी मुभा ठेवा, नाहीतर खरं कुळच गाळलं जाईल.

एक उदाहरण जवळून पाहू. आडव्या छेदात मोठ्या वाहिन्या, जवळजवळ सगळ्या एकेकट्या. त्यांच्या पोकळीत साबणाच्या फुग्यांसारखे पडदे, म्हणजे टायलोसिस. आणि मूलऊतीच्या, म्हणजे अन्न साठवणाऱ्या साध्या पेशींच्या, पुंजक्यांत वाहिन्यांपेक्षा लहान, भिंत नसलेली गोल भोकं, एकटी किंवा दोन-तीन शेजारी. ती राळेच्या उभ्या नळ्या. एवढं एकत्र दिसलं की डिप्टेरोकार्पस हा साल वृक्षाच्या कुळातला वृक्ष आठवतो. त्याच नळ्या लांबलचक स्पर्शीय रांगेत आल्या तर शोरियाच्या, म्हणजे खुद्द साल वृक्षाच्या गटाकडे वळायचं. एका छिद्राच्या जागेवरून अख्ख्या वर्षावनाचा धागा हाती लागतो.

नावांबद्दल सावध राहा. जीवाश्म लाकडाच्या नावाला ‘ऑक्सिलॉन’ जोडतात: पामॉक्सिलॉन, डिप्टेरोकार्पॉक्सिलॉन. त्याचा अर्थ लाकूड त्या गटासारखं आहे, एवढाच. आजची तीच जात तेव्हा होती असा नाही.

आता वलयं

प्रथम खरं आणि खोटं वेगळं करा. खऱ्या वलयात हंगामाच्या शेवटच्या जाड भिंतींच्या लहान पेशींनंतर पुढच्या हंगामाच्या मोठ्या पेशी एकदम सुरू होतात, सीमा चाकूने कापल्यासारखी. खोट्या वलयात पेशी हळूहळू लहान होतात आणि हळूहळूच मोठ्या होतात, दोन्ही बाजू धूसर. त्याचा अर्थ हंगामाच्या मध्येच ताण आला आणि गेला. चुरगळलेल्या, वेड्यावाकड्या पेशींचा पट्टा आणि त्यात वळलेले किरण दिसले तर वाढीच्या काळात पडलेल्या हिमतुषाराची शक्यता धरा. ही खूण सापडली तर सोन्यासारखी, कारण ती तापमानाबद्दल थेट बोलते.

मग रुंदी मोजा आणि सरासरी संवेदनशीलता काढा. लागोपाठच्या दोन वलयांच्या रुंदीतला फरक भागिले त्या दोघांची सरासरी, अशा सगळ्या जोड्यांची सरासरी. समजा रुंदी २.४, १.८, २.६, २.१ आणि १.२ मिलिमीटर आहे. जोड्यांची उत्तरं ०.२९, ०.३६, ०.२१ आणि ०.५५, सरासरी ०.३५. रूढ सीमा ०.३ मानतात. त्यावर असेल तर झाड वर्षागणिक बदलाला संवेदनशील, खाली असेल तर परिस्थिती स्थिर. पाच वलयांवर निष्कर्ष मात्र काढायचा नसतो, ही फक्त आकडेमोड दाखवली. शक्य तितकी जास्त सलग वलयं, आणि एकापेक्षा जास्त खोडं हवीत. ओढ्याकाठच्या झाडाला दुष्काळ कळतच नाही, आणि त्याच काळात टेकडीवरचं झाड वाळत असतं.

वलयांच्या आतही पाहा. हंगामाच्या शेवटच्या लाकडाचं प्रमाण किती, हा नुसत्या रुंदीपेक्षा कधी कधी जास्त महत्त्वाचा आकडा असतो. अंटार्क्टिकात माउंट ॲकर्नार इथे पर्मियन काळातले (सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीचे) ग्लोसोप्टेरिस या आता नामशेष झालेल्या झाडांचे बुंधे जागेवर उभे सापडले. तेव्हाही ती जागा ध्रुवाजवळ, ८० ते ८५ अंश दक्षिण अक्षांशावर होती. तरीही वलयं कित्येक मिलिमीटर रुंद आहेत, आणि शेवटचं लाकूड मात्र अगदी थोड्या पेशींचं. उन्हाळ्यात चोवीस तास उजेड, जोमदार वाढ, मग झटकन थांबणं, असं त्याचं वाचन होतं. तिथली वलयसीमा प्रकाशाच्या वेळापत्रकाची आहे. नुसत्या थंडीची म्हणून ती वाचली असती तर त्या जंगलाचा उबदारपणा नजरेतून सुटला असता. ध्रुवीय प्रदेशातल्या कोणत्याही लाकडाचं तेव्हाचं अक्षांश आधी पाहायचं, ते याचसाठी.

जर्मनीतल्या केम्निट्झ इथे सुमारे २९.१ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीने अख्खं जंगल जागेवर गाडलं. एकाच वेळी मेलेली झाडं असल्यामुळे वेगवेगळ्या खोडांची वलयं एकमेकांशी जुळवता आली, आणि २०१७ साली संशोधकांनी त्यांत सौरडागांच्या साधारण ११ वर्षांच्या चक्राशी मिळतीजुळती आवर्तनं दाखवली. विखुरलेल्या तुकड्यांतून हे कधीच शक्य झालं नसतं.

वलयं नसणं हीसुद्धा माहिती आहे: वाढ वर्षभर चालू असावी. पण काही झाडं ऋतू असूनही वलयं दाखवत नाहीत, म्हणून एका जातीवरून नाही, त्या थरातल्या किती टक्के जातींत वलयं नाहीत यावरून बोला.

वाहिन्यांची साक्ष

सागाच्या फळीचं टोक पाहिलं असेल तर हंगामाच्या सुरुवातीच्या मोठ्या भोकांची रांग आठवेल. याला वलय-छिद्री लाकूड म्हणतात. ओकमध्येही तेच दिसतं. साग वाढतो मोसमी उष्ण प्रदेशात, ओकच्या वलय-छिद्री जाती थंड-समशीतोष्ण प्रदेशात. म्हणजे ही मांडणी ऋतू ठळक होते एवढं सांगते, ऋतू कोणता ते सांगत नाही. कोरडा की थंड, हे झाडाच्या कुळावरून आणि सोबतच्या पुराव्यावरून ठरवायचं.

पाण्याच्या उपलब्धतेसाठी शेर्विन कार्लक्विस्ट यांनी १९७७ साली सुचवलेला निर्देशांक सोपा आहे: वाहिन्यांचा सरासरी व्यास मायक्रॉनमध्ये, भागिले दर चौरस मिलिमीटरला वाहिन्यांची संख्या. रुंद वाहिनी पाणी भराभर नेते, पण दुष्काळात किंवा गोठणीत तिच्यात हवेचा बुडबुडा अडकला की मोठा मार्ग बंद होतो. अरुंद आणि पुष्कळ वाहिन्या असल्या की काही बंद पडूनही झाड तगतं. १६० मायक्रॉन व्यास आणि ६ वाहिन्या असतील तर निर्देशांक जवळजवळ २७: पाण्याची चंगळ. ४५ मायक्रॉन आणि ७० वाहिन्या असतील तर ०.६४: ताण सोसणारं लाकूड. एकाच्या खालची संख्या कोरड्याकडे बोट दाखवते. मात्र लहान झुडपांत आणि फांद्यांत वाहिन्या मुळातच अरुंद असतात, म्हणून खोड की फांदी हे आधी ठरवलेलं असेल तरच हा आकडा वापरा.

वाहिनीच्या दोन पेशी जिथे जुळतात तिथलं भोक म्हणजे छिद्रपट्टिका. शिडीसारख्या आडव्या पट्ट्यांची छिद्रपट्टिका थंड आणि ओल्या जागी जास्त आढळते, साधी एकसंध भोकाची पट्टिका उष्ण आणि कोरड्या प्रदेशात. अशा लक्षणांच्या टक्केवारीवरून वार्षिक सरासरी तापमान काढायची सांख्यिकी समीकरणं १९९८ साली वीमन, व्हीलर आणि सहकाऱ्यांनी मांडली. ती वापरायला मोहक आहेत. माझं मत असं की थरात वीस-पंचवीस वेगळे प्रकार असल्याशिवाय त्यांना हात लावू नये. पाचच प्रकार असतील तर एका प्रकाराची चूक म्हणजे २० टक्क्यांची चूक. दुसरी अडचण काळाची. क्रिटेशस काळातल्या (सुमारे १४.५ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या) लाकडांत काही लक्षणं अजून उत्क्रांतच होत होती, त्यामुळे आजच्या झाडांवर बेतलेलं समीकरण तिथे फसतं. तापमानाचा एकच आकडा देण्यापेक्षा पल्ला द्या.

दुसरी वाट जवळच्या आजच्या नातेवाइकांची. थरात ओळखलेल्या प्रत्येक प्रकाराचे आजचे नातेवाईक कोणत्या तापमानात आणि पावसात राहतात ते काढायचं, आणि सगळ्यांना सामाईक असलेला पट्टा शोधायचा. मॉसब्रुगर आणि उटेशर यांनी १९९७ साली ही पद्धत शिस्तीत मांडली. राजस्थानच्या आजच्या कोरड्या भागातून डिप्टेरोकार्प कुळातली अश्मीभूत लाकडं नोंदली गेली आहेत. या कुळातली झाडं आज प्रामुख्याने दमट उष्णप्रदेशात वाढतात, म्हणून तिथे कधीकाळी कितीतरी जास्त पाऊस होता हा निष्कर्ष भक्कम ठरतो. एकाच कुळावर सगळा भार टाकू नका, कारण कुळाच्या आवडी लाखो वर्षांत बदलू शकतात. जितके नातेवाईक जास्त, तितका पट्टा विश्वासाचा.

समस्थानिकांबद्दल, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंबद्दल, थोडक्यात. दगड झालेल्या लाकडात मूळ सेल्युलोज बहुतेक उरलेलंच नसतं, त्यामुळे कार्बन-ऑक्सिजनची मोजणी तिथे लावू नका. ॲक्सेल हायबर्गसारख्या न दगडावलेल्या लाकडात मात्र एका वलयाच्या आत सुरुवातीपासून शेवटपर्यंत कार्बनच्या समस्थानिकांचं प्रमाण कसं बदलतं हे मोजता येतं, आणि उन्हाळ्याच्या व हिवाळ्याच्या पावसाचा अंदाज बांधता येतो.

झाडांकडून जंगलाकडे

एक लाकूड म्हणजे एक झाड. जंगल उभं करायचं तर जागेवरचे सगळे बुंधे नकाशावर मांडा: प्रत्येकाचा व्यास, प्रकार, शेजाऱ्यापासूनचं अंतर. त्यातून दाटी कळते, उंच झाडं आणि मधली झाडं वेगळी काढता येतात. लाकडात बोगदे असतील तर आत किड्यांची विष्ठा पाहा. पांढरट, कुजलेले कप्पे दिसले तर बुरशीचे धागे शोधा. जंगलात झाडांखेरीज जे जगत होतं, त्याची ही एवढीच खूण लाकडात उरते.

लाकडाचा एक मोठा पक्षपात कायम लक्षात ठेवा: गवत, वेली, छोटी झुडपं यांची नोंद त्यात जवळजवळ नसते. ती उणीव परागकण, पानांचे ठसे आणि जुनी माती भरून काढतात. लाकूड सहसा जवळपासचं असतं आणि पराग दूरदूरचे, म्हणून दोघांचं उत्तर वेगळं आलं तर कोणीतरी खोटं बोलतंय असं नसतं. जुन्या मातीत चुन्याच्या गाठी असतील तर पाऊस बेताचा आणि हंगामी होता. दगडी कोळशाचे थर असतील तर जमीन पाणथळ होती.

दख्खनच्या लाव्ह्यांच्या थरांमध्ये अडकलेले गाळाचे थर याचं उत्तम उदाहरण आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या शांत काळात तळी साचली, काठावर जंगल वाढलं, आणि सिलिकेने ते जपून ठेवलं. छिंदवाड्याजवळचं मोहगावकलान, वर्धा जिल्ह्यातलं नवरगाव, दिंडोरीचं घुघुआ इथली लाकडं अनेक पिढ्यांनी अभ्यासली, आणि लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेचा त्यात मोठा वाटा आहे. तिथे ताडवर्गीय लाकडं विपुल आहेत. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. ताड सांगतो की कडाक्याची गोठण नव्हती, सपुष्प झाडांची विविधता सांगते की जंगल मिश्र होतं, आणि वलयं ठळक की पुसट यावरून कोरडा काळ किती लांब होता याची चर्चा चालते. ताड आणि इतर झाडं एकाच थरातली आहेत का, हे थराच्या नोंदीवरूनच ठरतं. लाव्ह्याच्या दोन वेगळ्या थरांमधलं लाकूड एकत्र मोजलं तर कधीच अस्तित्वात नसलेलं जंगल कागदावर उभं राहतं.

अहवाल लिहिताना डावीकडे दिसलेलं आणि उजवीकडे त्याचा अर्थ, असे दोन रकाने ठेवा. ‘वलयसीमा स्पष्ट, शेवटच्या लाकडाच्या तीन-चार पेशी’ हे डावीकडे. ‘वाढ अचानक थांबली’ हे उजवीकडे. त्याखाली थांबण्याची आणखी कोणती कारणं असू शकतात ती लिहा आणि कोणत्या पुराव्याने त्यांतलं प्रत्येक बाद केलं तेही लिहा. बाद करता आलं नाही ते तसंच राहू द्या. उरलेला मूळ तुकडा, तिन्ही काप आणि जागेची नोंद यांना एकच क्रमांक द्या. तो तुकड्यावर पक्क्या रंगाने आणि काचपट्टीवर हिऱ्याच्या टोकाने कोरा. कागदी चिठ्ठी दहा वर्षांत गळून पडते.